युरोपांतील कडे आणि नव्वद दिवसांचा हिशेब

सह्याद्रीच्या कड्याकपारींत ज्यांचीं बोटें एकदां सोलवटलीं आहेत, त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या मनांत युरोपांतील कड्यांविषयीं एक सुप्त ओढ असते. प्रस्तरारोहणाची विद्या आज जगभर ज्या रूपानें शिकविली जाते, तें रूप तिला बव्हंशीं युरोपांत मिळालें. इंग्लंडांतील नेप्स नीडल हा सुळका वॉल्टर हॅस्केट स्मिथ या गृहस्थानें १८८६ सालीं एकट्यानें, दोरावांचून सर केला. डोलोमाइट पर्वतांतील चीमा ग्रांदेची उत्तर भिंत एमिलिओ कोमिचीनें दिमाई बंधूंच्या साह्यानें १९३३ मध्यें चढून दाखविली. हीं नांवें वाचून वाचून परिचयाचीं झालेलीं असतात. मग कधीं तरी चार पैसे गांठीं जमतात, रजा मिळते, आणि नकाशा पुढ्यांत पसरून सफरीची आंखणी सुरू होते.

माझ्या मतें पहिली चूक येथेंच होते. नकाशा हा या कामीं फसवा सल्लागार आहे. पॅरिस, म्यूनिक, व्हेनिस, बार्सिलोना हीं शहरें एका रेघेनें जोडलीं म्हणजे एक सुबक वर्तुळ तयार होतें खरें. परंतु कडा हा कांहीं वस्तुसंग्रहालयासारखा बारमाही उघडा नसतो. ऊन, पाऊस, बर्फ, आणि कांहीं ठिकाणीं ससाण्यांच्या विणीचा हंगाम, हे त्याचे द्वारपाल होत. कडा कोरडा हवा, आणि शक्य तर थंड हवा; कारण बोटांना घाम सुटला कीं बारीक धारेवरची पकड निसटते. आपल्याकडील आरोहकाला हें निराळें सांगावयास नको. श्रावणांत शेवाळलेल्या कातळाला कोणी शहाणा माणूस दोर लावीत नाहीं. आपला खरा हंगाम दिवाळीनंतरचा. मात्र युरोपांत सर्वत्र मिळून एक हंगाम नाहीं. प्रत्येक प्रदेशाचा हंगाम निराळा, इतकेंच नव्हे तर एकाच दरींतील उत्तरेकडे तोंड केलेल्या आणि दक्षिणेकडे तोंड केलेल्या भिंतींचाहि निराळा.

स्पेनमधील कातालोनिया प्रांतांत सिउराना नांवाचें एक चिमुकलें गांव कड्याच्या टोंकावर वसलेलें आहे. तेथील चुनखडीच्या भिंती उन्हाळ्यांत तव्यासारख्या तापतात, आणि जगभरचे आरोहक तेथें हिंवाळ्यांत गोळा होतात. उलट फ्रान्समधील सेयूझ हा कडा समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार मीटर उंचीवर असल्यामुळें हिंवाळ्यांत निरुपयोगी ठरतो. तेथें जावयाचें तें उन्हाळ्यांत किंवा शरदाच्या आरंभीं, आणि तेंहि पायथ्यापासून तासभर चढ चढून. नॉर्वेमधील लोफोटेन बेटांवर तर भर उन्हाळ्याचे थोडेसे आठवडेच काय ते हातीं लागतात; पण त्या दिवसांत सूर्य मावळत नाहीं, म्हणून मध्यरात्रींहि चढतां येतें. तेथील स्वोल्वेर गांवाच्या डोक्यावर दोन शिंगांचा एक सुळका आहे. त्याला ‘बोकड’ म्हणतात, आणि धीट लोक एका शिंगावरून दुसऱ्या शिंगावर उडी मारतात. १९१० सालीं तो प्रथम चढणाऱ्या तिघांपैकीं कार्ल रुबेन्सन हा त्यापूर्वीं तीनच वर्षें, १९०७ मध्यें, सिक्कीमच्या सीमेवरील काब्रू शिखरावर पुष्कळ उंचीपर्यंत जाऊन आलेला होता. हें जातां जातां सांगितलें.

तेव्हां आधीं महिना ठरवावा, आणि मग त्या महिन्याला साजेसे कडे निवडावे. पण महिना ठरवितांना आणखी एक बंधन आड येतें, तें निसर्गाचें नसून सरकारांचें. भारतीय पारपत्रधारकाला युरोपांतील बहुसंख्य देशांत शिरावयाचें तर शेंगेन व्हिसा लागतो. या व्हिसावर कोणत्याहि १८० दिवसांच्या अवधींत ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं, आणि येण्याचा दिवस व जाण्याचा दिवस हे दोन्ही त्यांत मोजले जातात. नॉर्वे व स्वित्झर्लंड हे देश युरोपीय संघांत नसले तरी या व्यवस्थेंत आहेत. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून तींत आला. ब्रिटन तींत नाहीं. तेथें जावयाचें तर निराळा अर्ज, निराळें शुल्क. ऑक्टोबर २०२५ पासून सरहद्दीवर शिक्क्यांऐवजीं बोटांचे ठसे व छायाचित्र घेऊन ये-जा यंत्रांत नोंदण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानें सुरू झाली. त्यामुळें एखादा दिवस इकडेतिकडे झाला तर कोणाच्या लक्षांत येणार नाहीं, ही आशा आतां बाळगूं नये.

अर्ज सहा महिने आधींपासून करतां येतो. ज्या देशांत सर्वांत अधिक दिवस राहावयाचें, त्या देशाच्या वकिलातीकडे तो करावा लागतो. त्याबरोबर मुक्कामांची यादी, निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा आणि खर्चाच्या ऐपतीचा पुरावा जोडावा लागतो. येथें आरोहकापुढें एक पेंच उभा राहतो. वकिलातीला नेमकी तारीखवार यादी हवी असते, आणि हवामान तर कोणाच्याहि यादीला जुमानीत नाहीं. यांतून सोडवणुकीचा मार्ग एवढाच कीं, मुक्काम मोजके व लांब मुदतीचे ठेवावे, आणि प्रत्येक मुक्काम अशा गांवीं धरावा कीं ज्याच्या आसपास निरनिराळ्या दिशांना तोंड केलेले पुष्कळ कडे आहेत. मग गांव ठरलेलें राहतें, आणि आजचा कडा मात्र सकाळीं आभाळाकडे पाहून ठरवितां येतो. नव्वद दिवसांत दहा ठिकाणें पाहणारा आरोहक दहा रेल्वे स्थानकें चांगलीं पाहून येतो, असें मला नेहमीं वाटतें. चार ठिकाणें पुष्कळ झालीं.

उदाहरणादाखल एक आंखणी पाहूं. एक सप्टेंबर ते पंचवीस नोव्हेंबर मिळून शहाऐंशी दिवस होतात. पहिले तीन आठवडे इटलींतील डोलोमाइट, पुढचे तीन जर्मनींतील एल्ब नदीकांठचा वालुकाश्म, मग दोन आठवडे पॅरिसजवळील फोंतेनब्लोचें अरण्य, आणि शेवटचे चार आठवडे ग्रीसमधील कालिम्नोस बेट. ग्रीसमधील मुक्काम सर्वांत मोठा, म्हणून अर्ज ग्रीसकडे. उरलेले चार दिवस चुकलेल्या गाडीसाठीं आणि वादळामुळें अडकलेल्या बोटीसाठीं राखून ठेवावे. या क्रमांत एक सूत्र आहे: उंचावरून सखल भागाकडे, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजेच थंडीच्या पुढें पुढें एक पाऊल ठेवून, आपण सरकत जातों.

डोलोमाइटमध्यें जुलै-ऑगस्ट महिन्यांत दुपारीं गडगडाटासह वादळें होतात. सप्टेंबरांत हवा त्या मानानें स्थिर असते, गर्दी ओसरते, पण दिवस लहान होऊं लागतो आणि महिनाअखेरीस डोंगरावरील विश्रांतिगृहें बंद होऊं लागतात. म्हणून हें ठिकाण पहिलें. येथील भिंती लांबच लांब, कांहीं चारपांचशें मीटरांच्या. जुन्या मेखा, ठिसूळ पट्टे, आणि चढाईपेक्षां कधीं कधीं अवघड असा उतार. दगड सुटून पडणें येथें नित्याचें आहे, त्यामुळें शिरस्त्राण डोक्यावरून काढूं नये. सह्याद्रींतील आरोहकाला या एका बाबतींत घरच्यासारखें वाटेल, कारण आपल्या कड्यांतहि भरंवशाचा कातळ आणि सैल धोंडे शेजारींशेजारीं नांदतात. आरंभ चिंक्वे तोर्री किंवा सेला खिंडीजवळचे मनोरे अशा आटोपशीर चढायांनीं करावा, आणि वाटाड्या-पुस्तकांत दिलेल्या वेळेच्या दीडपट वेळ आपल्याला लागेल असें धरून पहांटे निघावें.

तेथून ब्रेनर खिंडींतून आगगाडीनें म्यूनिक, आणि पुढें ड्रेस्डेन. (युरोपांत न राहणाऱ्यांना तेथील रेल्वेचा जो सवलतीचा पास मिळतो, त्याचें नांव यूरेल, इंटररेल हा तेथील रहिवाशांचा. पुष्कळजण भलत्याच पासाची चौकशी करीत बसतात.) ड्रेस्डेनहून लोकलनें पाऊण तासाच्या अंतरावर बाड शांडाऊ गांव आहे. येथें एल्ब नदीच्या दोन्ही तीरांना वालुकाश्माचे अकराशेंहून अधिक सुटे सुळके अरण्यांतून वर डोकावत असतात. मला स्वतःला या प्रदेशाविषयीं थोडें सविस्तर बोलावेंसें वाटतें, कारण येथें नुसता कडा नाहीं, कड्यासंबंधींचा एक विचार आहे.

१८६४ सालीं शांडाऊच्या कसरतपटूंनीं फाल्केनश्टाइन नांवाचा सुळका सर केला. त्यांनीं शिड्या व इतर साधनें वापरलीं होतीं. पुढें दहा वर्षांनीं, १८७४ मध्यें, म्योन्खश्टाइन हा सुळका कृत्रिम आधार न घेतां चढला गेला, आणि केवळ हातापायांच्या बळावर चढण्याची परंपरा तेथून सुरू झाली असें मानतात. विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑलिव्हर पेरी-स्मिथ हा अमेरिकन तरुण आणि त्याचा जर्मन सोबती रूडॉल्फ फेरमान यांनीं ही परंपरा कळसास नेली. हा फेरमान कायद्याचा माणूस होता. तेव्हां १९१३ मध्यें त्यानें या चढाईचे नियम छापून काढले यांत नवल नाहीं. त्या नियमांचा आशय थोडक्यांत असा: दगडाला चढणाऱ्यासाठीं बदलावयाचें नाहीं, दोर व मेख हीं पडण्यापासून वांचविण्यासाठीं आहेत, वर ओढून घेण्यासाठीं नाहींत.

शंभर वर्षें उलटून गेलीं तरी त्या नियमांचा गाभा तेथें आजहि पाळला जातो. भिंतींत लोखंडी कड्या आहेत, पण अगदीं दूर दूर. दोन कड्यांमधील अंतरांत पडलें तर किती खालीं जाऊं याचा हिशेब मनांतल्या मनांत करीतच चढावें लागतें. भेगेंत अडकविण्याचीं धातूचीं साधनें, जीं आपण सर्वत्र वापरतों, तीं तेथें निषिद्ध. त्यांऐवजीं दोराच्या तुकड्यांना जाड-बारीक गांठी मारलेल्या असतात. भेग जेथें अरुंद होते तेथें ती गांठ बसवावयाची, आणि तिच्यावर आपला जीव सोंपवावयाचा. हातांना लावावयाची पांढरी भुकटीहि वर्ज्य. नवख्याला हा निव्वळ हट्ट वाटतो. परंतु या वालुकाश्माचें वरचें कवच टणक असलें तरी आंतला दगड मऊ आहे. धातूचा ताण बसला कीं भेगेच्या कडा फुटतात, आणि फुटलेली कड पुन्हां उगवत नाहीं. पावसानंतरची बंदी तर सर्वांत कडक, आणि तिचें कारण सर्वांत साधें: वालुकाश्म भिजला म्हणजे त्याचे कण एकमेकांना धरून ठेवीत नाहींत, आणि एरवीं माणसाचा भार सहज पेलणारी खुंटी बोटांत तुटून येते. वरून कोरडा दिसणारा दगड आंतून ओला असूं शकतो. तेव्हां पाऊस थांबला म्हणून लगेच दोर काढूं नये. तो दिवस अरण्यांतील पायवाटांना द्यावा. त्या अरण्यालाहि जपावें लागतें: २०२२ च्या उन्हाळ्यांत तेथें मोठा वणवा लागला होता, म्हणून उघड्यावर विस्तव पेटविण्याचें मनांतहि आणूं नये.

मराठी माणसाला मौज वाटेल अशीहि एक रीत तेथें आहे. पकड हाताला पोंचत नसेल तर एकानें दुसऱ्याच्या खांद्यावर उभें राहून ती गांठणें नियमाला धरून आहे. दहीहंडीच्या थरांची ज्याला संवय आहे त्यानें या कलेंत मागें राहूं नये. शिखरावर एका पेटींत वही ठेवलेली असते. तींत आपलें नांव व वाट लिहावी. मात्र नवख्यानें येथें पहिल्या दिवशीं पुढें होऊन चढूं नये. स्थानिक सोबती मिळवावा. १९११ सालीं स्थापन झालेला तेथील आरोहक संघ अजून कार्यरत आहे, आणि गांठी कशा माराव्या हें शेजारीं उभ्या असलेल्या माणसाकडून जितकें कळतें तितकें पुस्तकावरून कळत नाहीं.

येथेंच श्रेणींचा घोळ समजावून घेतला पाहिजे. चढाईच्या काठिण्याचे आंकडे प्रत्येक देशानें आपापल्या परीनें ठरविले आहेत. फ्रेंच पद्धतींत आंकडा व अक्षर, आल्प्सच्या जुन्या पद्धतींत रोमन आंकडे, सॅक्सनींत रोमन आंकड्यापुढें पुन्हां अक्षर. फ्रेंच ‘सहा-अ’ म्हणजे अदमासें आल्प्समधील ‘सहा अधिक’ आणि सॅक्सनींतील ‘सात-ब’. फोंतेनब्लोचे आंकडे दिसावयास फ्रेंच आंकड्यांसारखेच, पण ते सुट्या धोंड्यांसाठीं असल्यामुळें त्यांतला ‘सहा’ हा दोराच्या ‘सहा’पेक्षां पुष्कळच अवघड. हे कोष्टक पाठ करून उपयोग नाहीं, कारण आंकडा फक्त हालचालीचें काठिण्य सांगतो. शेवटची कडी पायांखालीं आठ मीटरांवर राहिली असतां तीच हालचाल मनाला कशी भासेल, हें तो सांगत नाहीं. नव्या प्रदेशांतील पहिले तीनचार दिवस आपल्या नेहमींच्या श्रेणीहून दोन पायऱ्या खालीं चढावें. त्यांत अभिमानाला थोडी चिमटी बसते, पण उरलेली सफर धडपणें पार पडते.

फोंतेनब्लोला दोर लागतच नाहीं. पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून आगगाडीनें पाऊण तासाच्या आंत त्या अरण्याच्या कडेला जातां येतें. पाइन वृक्षांखालीं, समुद्रकिनाऱ्यासारख्या पांढऱ्या वाळूंत, पुरुषभर-दोन पुरुष उंचीचे हजारों धोंडे विखुरलेले आहेत. पॅरिसचे गिर्यारोहक आल्प्सच्या तयारीसाठीं येथें येत. प्येर आलां, ज्यानें १९३५ मध्यें प्ती द्र्यूची उत्तर भिंत सर केली आणि ज्याच्या गुळगुळीत रबरी तळाच्या बुटांपासून आजचे आरोहणाचे बूट निघाले, तो याच धोंड्यांवर तयार झाला. १९४७ पासून येथें रंगीत बाणांच्या मालिका आंखण्यांत आल्या: पिवळा सोपा, मग नारिंगी, निळा, तांबडा, आणि काळा अत्यंत अवघड. एका रंगाचे क्रमांक एकामागून एक चढत गेलें म्हणजे अरण्यांत एक प्रदक्षिणा पूर्ण होते. खालीं अंथरावयाची जाड गादी तेथें भाड्यानें मिळते. भारतांतून वाहून नेऊं नये. चढण्यापूर्वीं बुटाचे तळवे पुसावे, कारण वाळूचा एक कण पायाखालीं राहिला तर तो दगडाला कानशीसारखा घासतो. ओल्या दगडाचा नियम येथेंहि तोच. ऑक्टोबरांत पाऊस येतोच. असे दिवस पॅरिसला द्यावे, तें शहर त्याकरितां वाईट नाहीं.

पॅरिसहून अथेन्समार्गें कोस, आणि कोसच्या मास्तिखारी बंदरांतून बोटीनें कालिम्नोस. हें बेट पूर्वीं समुद्राच्या तळाचे स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांसाठीं प्रसिद्ध होतें. १९९६ च्या सुमारास आंद्रेआ दि बारी हा इटालियन आरोहक सुट्टीसाठीं तेथें आला, त्यानें ते करड्या-नारिंगी चुनखडीचे कडे पाहिले, आणि पुढच्या वर्षीं मेखा ठोकावयास परत आला. त्यानंतर बेटाचें नशीब पालटलें. आतां मासूरी गांवीं उतरलें कीं पायीं चालत कड्यापर्यंत जातां येतें. मोठी गुहा, ग्रांदे ग्रोत्ता, हिच्यावर ऊन दुपारीं येतें, म्हणून ती सकाळीं चढावी. मेखा जवळजवळ आहेत, दगड खरखरीत व भक्कम आहे, आणि तीन प्रदेशांत भिऊन भिऊन चढलेला माणूस येथें प्रथमच मोकळेपणानें हात टाकूं लागतो. खाऱ्या हवेनें धातू गंजतो, तेव्हां गंजाचा ओघळ दिसणाऱ्या मेखेवर विसंबूं नये.

परंतु याच मोकळेपणांत एक जुना अपघात दबा धरून असतो. वाट चाळीस मीटरांची, दोर सत्तर मीटरांचा. वर पोंचलेल्या सोबत्याला खालीं सोडतांना दोर दुपटीनें लागतो, म्हणजे ऐंशी मीटर. दोराचें मोकळें टोंक खालच्या माणसाच्या हातांतील साधनांतून सुळकन् निघून जातें, आणि वरचा माणूस उरलेले सुमारें दहा मीटर खालीं आदळतो. हा प्रकार कुशल आरोहकांच्या बाबतींतहि घडतो, कारण तो चढतांना घडत नाहीं; काम संपल्यावर, मन सैल झाल्यावर घडतो. उपाय फुकटचा आहे. दोराच्या मोकळ्या टोंकाला एक गांठ मारावी, आणि पुस्तकांतील वाटेची लांबी चढण्यापूर्वीं वाचावी. कालिम्नोससाठीं ऐंशी मीटरांचा दोर असलेला बरा. डोलोमाइटसाठीं मात्र साठ मीटरांचे दोन बारीक दोर लागतात, कारण तेथें दोराच्या साह्यानें लांबवर उतरावें लागतें. म्हणजे दोघांनीं मिळून तीन दोर झाले. विमानांतील वजनाचा हिशेब त्यावरून करावा. स्टोव्हचा गॅसचा डबा विमानांत नेतां येत नाहीं. तो तेथेंच विकत घ्यावा.

सोबत्याची निवड या सर्वांहून नाजूक. चुलतभावाशीं तीन दिवसांच्या लिंगाण्याच्या मोहिमेंत पटतें, म्हणून तीन महिने पटेलच असें नाहीं. दोघांची श्रेणी एक असण्यापेक्षां माघार केव्हां घ्यावयाची याविषयीं मत एक असणें अधिक महत्त्वाचें. निघण्यापूर्वीं दोघांनीं मिळून एखादा पूर्ण आठवडा कड्यावर काढावा, पैशाचा वांटा लिहून ठेवावा, आणि एकाला दुखापत झाल्यास दुसऱ्यानें परतावयाचें कीं राहावयाचें, हेंहि आधींच बोलून घ्यावें. पावसाळ्याचे तीन महिने पुण्यामुंबईच्या कृत्रिम भिंतींवर बोटें राबतीं ठेवावींत, नाहीं तर सप्टेंबरचा पहिला आठवडा स्नायुबंध दुखावण्यांतच जावयाचा.

राहतां राहिला विमा. व्हिसासाठीं काढलेला विमा आजारपणाचा असतो. दोरानें चढत असतां झालेला अपघात त्यांत बहुधा वगळलेला असतो. अटींचा बारीक मजकूर वाचून पाहावा. फ्रान्समध्यें डोंगरांतील सरकारी बचाव पथकाचें साह्य सामान्यतः मोफत मिळतें; ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड येथें हेलिकॉप्टरचें बिल वांचलेल्या माणसाच्या पत्त्यावर येतें, आणि तें लहान नसतें. ऑस्ट्रियन आल्पाइन संघ ही १८६२ सालीं स्थापन झालेली संस्था परदेशीयांनाहि सभासद करून घेते, आणि सभासदत्वाबरोबर बचावखर्चाचा विमा देते. बरेच भारतीय आरोहक हाच मार्ग पत्करतात. या चारहि देशांत संकटाच्या वेळीं फिरवावयाचा दूरध्वनि क्रमांक एकच आहे, ११२. तो, विमापत्राचा क्रमांक आणि आपला रक्तगट एका जाड कागदावर लिहून शिरस्त्राणाच्या आंत चिकटवावा, आणि तो कोठें आहे हें सोबत्याला दाखवून ठेवावें.